आजारपणानंतर गाडी चालवावी का? वर्धा जिल्ह्यातील कुटुंबांसाठी माहिती

अब्बांना लकवा मारून आठ महिने झालेत. चालतात, बोलतात, जुम्याला मशिदीत जातात. आता म्हणतात, गाडीची चावी द्या. मुलगा नाही म्हणतो, अम्मी गप्प बसते, मोठे चाचा म्हणतात, "अरे, तीस वर्षं चालवली त्यांनी, काय होतंय!" असा प्रसंग आम्ही आमच्या ओळखीच्या चार-पाच घरांत पाहिला. प्रत्येक घरात निर्णय झाला तो कुणाचा आवाज मोठा यावर. तपासणी करून कुणीच ठरवलं नाही. दोन घरांत ज्यांनी चालवायला नको होती ते चालवत राहिले. एका घरात उलट झालं. ज्यांना थोड्या बदलानं आरामात चालवता आली असती, त्या भाईंची रोजीच बंद झाली.

आजारानंतर माणूस गाडी चालवू शकतो की नाही, हे मोजता येतं. त्यासाठी कायदा काय म्हणतो, डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं आणि आपल्या जिल्ह्यात कुठं जायचं, ते इथे देत आहोत.

कार्डावरची तारीख

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. "लायसन 2031 पर्यंत आहे ना, मग झालं," असं लोक म्हणतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर खाजगी गाडीच्या परवान्याची मुदत वयावर ठरते. तिशीच्या आत काढला तर वयाच्या 40 वर्षांपर्यंत, 30 ते 50 या वयात काढला किंवा नूतनीकरण केलं तर 10 वर्षं, 50 ते 55 मध्ये केलं तर वयाच्या 60 पर्यंत आणि 55 नंतर दर 5 वर्षांनी. ट्रक, टॅक्सी अशा व्यावसायिक वाहनांचा परवाना 5 वर्षांचा असतो. म्हणजे 46 व्या वर्षी नूतनीकरण केलेल्या माणसाला 47 व्या वर्षी लकवा झाला, तर पुढची नऊ वर्षं त्याचं कार्ड चालूच राहतं. कार्डाला त्याच्या आजाराची खबर नसते.

कायद्याला मात्र ती असावी लागते. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 186 प्रमाणे, आपल्याला असा आजार किंवा अपंगत्व आहे की ज्यामुळे आपलं गाडी चालवणं लोकांना धोक्याचं ठरेल, हे माहीत असूनही जो सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवतो तो गुन्हा करतो. 2019 च्या दुरुस्तीत पहिल्या वेळी 1000 रुपये आणि नंतर 2000 रुपये दंड ठेवला आहे. दंड छोटा वाटेल. पण अपघातात कुणाचा जीव गेला, तर "माहीत असूनही" हे दोन शब्दच कोर्टात पुढे येतील.

ब्रिटनमध्ये लकवा, मिरगी असे आजार झाल्यावर परवाना देणाऱ्या खात्याला काय आणि कधी कळवायचं, याचे आजारागणिक नियम आहेत. आपल्याकडे तशी रोजची व्यवस्था नाही. कलम 16 खाली परवाना अधिकाऱ्याला शंका आली तर तो वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतो किंवा परवाना रद्द करू शकतो, पण त्याला शंका येणार कुठून? त्यामुळे आपल्याकडे हा बोजा चालवणाऱ्यावर आणि त्याच्या घरच्यांवर पडतो.

फॉर्म 1 आणि फॉर्म 1अ

शिकाऊ परवाना काढताना किंवा नूतनीकरण करताना फॉर्म 1 भरावा लागतो. हे आपलं स्वतःचं जाहीरपत्र असतं. त्यात साधे प्रश्न असतात. मिरगी किंवा कोणत्याही कारणानं अचानक बेशुद्धी किंवा चक्कर येते का? चांगल्या उजेडात 25 मीटरवरून, लागत असेल तर चष्मा लावून, गाडीची नंबर प्लेट वाचता येते का? हात किंवा पाय गमावला आहे का, किंवा त्यांच्या ताकदीत कमी आहे का? रातांधळेपणा आहे का? मशीन लावून किंवा न लावता हॉर्न ऐकू येतो का? आणि शेवटी, धोका होईल असा दुसरा कोणता आजार आहे का?

बहुतेक ठिकाणी एजंटच सगळीकडे टिक करून टाकतो आणि आपण सही करतो. आमच्या एका नातलगाच्या बाबतीत हेच झालं. डाव्या हातात ताकद नव्हती आणि कागदावर सगळं "ठीक" होतं. घाबरायचं कारण नसताना हे केलं जातं, कारण फॉर्मवरच लिहिलेलं आहे की प्रतिकूल उत्तर दिलं तर पूर्ण तपशील द्यावा आणि गरज पडल्यास जास्त माहिती मागितली जाईल. खरं लिहिलं की अर्ज लगेच फेकला जातो असं नाही.

फॉर्म 1अ हे नोंदणीकृत डॉक्टरनं द्यायचं प्रमाणपत्र. व्यावसायिक परवान्यासाठी आणि वयाची चाळिशी ओलांडलेल्यांना ते लागतं. यात डॉक्टरनं नजर, ऐकणं, हातपाय, हृदय-फुप्फुस, मिरगी, चक्कर, मानसिक आजार, नशा यांबद्दल लिहायचं असतं. दोन मिनिटांत, मान वर न करता शिक्का मारणारेही सापडतात. त्यांच्याकडून घेतलेला कागद ऑफिसात चालून जाईल, पण आपल्याला त्यातून काहीच कळणार नाही. हे प्रमाणपत्र ज्यांनी उपचार केले त्याच डॉक्टरांकडून घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

रंगांबद्दल एक चांगला बदल झाला आहे. जून 2020 मध्ये केंद्र सरकारनं हे दोन्ही फॉर्म बदलले आणि सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना परवान्याचा रस्ता मोकळा केला. कर्णबधिरांच्या बाबतीत 2011 मध्ये दिल्ली हायकोर्टानं सांगितलं की त्यांना अर्ज करू द्यावा, चाचणी घ्यावी आणि पास झाले तर परवाना द्यावा. जुने नकार घेऊन बसलेल्यांनी पुन्हा अर्ज करून पाहावा.

लकवा: हात-पायापेक्षा मेंदू पाहा

लकव्यानंतर घरचे काय पाहतात? हात वर जातो का, पाय टेकतो का. हे पाहायलाच हवं, पण गाडीच्या बाबतीत ही अर्धीच गोष्ट झाली.

मेंदूच्या डाव्या भागात झटका आला तर शरीराची उजवी बाजू कमजोर होते आणि बऱ्याचदा बोलणं अडखळतं. उजव्या भागात आला तर डावी बाजू कमजोर होते, बोलणं साफ राहतं. घरात काय होतं? जो अडखळत बोलतो त्याला सगळे "बिचारा" म्हणतात आणि जो फाडफाड बोलतो त्याला "एकदम बरा झाला" म्हणतात. खरं तर दुसऱ्याची जास्त काळजी घ्यावी लागते. उजव्या मेंदूच्या झटक्यानंतर काही रुग्णांना डावीकडच्या वस्तूंचं भानच राहत नाही. डोळे चांगले असतात, पण मेंदू त्या बाजूची दखल घेत नाही. आणि आपल्यात काही कमी आहे हेही त्यांना जाणवत नाही, म्हणून ते भांडतात.

याच्या खुणा घरातच दिसतात. ताटातलं डावीकडचं जेवण तसंच राहतं. दाढी करताना डावा गाल सुटतो. दारातून जाताना डावा खांदा चौकटीला लागतो. गाडी चालवत असतील तर डाव्या बाजूला ओरखडे, आरसा तुटलेला. आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो. सायकलवाला, बैलगाडी, शाळेतून निघालेली पोरं, उभा असलेला ऑटो, सगळं डावीकडेच असतं. आर्वी नाक्यावर संध्याकाळी एकदा उभं राहून पाहा म्हणजे कळेल.

दुसरी गोष्ट नजरेच्या क्षेत्राची. झटक्यानंतर काहींना दोन्ही डोळ्यांनी एका बाजूचा अर्धा भाग दिसत नाही. समोरची नंबर प्लेट ते बरोबर वाचतात, म्हणून 25 मीटरच्या परीक्षेत पास होतात! ब्रिटनमध्ये कार चालवायला आडवं किमान 120 अंशांचं क्षेत्र लागतं. आपल्या फॉर्ममध्ये असा प्रश्न नाही, पण मोठ्या दवाखान्यांच्या नेत्र विभागात ही तपासणी होते. तिला फील्ड टेस्ट म्हणतात. लकव्यानंतर ती मागून करून घ्यावी.

घरी एक अंदाज घेता येतो. रुग्णासमोर हातभर अंतरावर बसा, त्यांना तुमच्या नाकाकडे पाहायला सांगा आणि बाजूनं हळूहळू बोटं हलवत आणा. कधी दिसलं ते विचारा. दोन्ही बाजूंनी करा. एका बाजूला फारच उशिरा दिसलं तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. नीट दिसलं तरी ती डॉक्टरांची तपासणी नव्हे.

तिसरी गोष्ट वेगाची, म्हणजे विचार करण्याच्या वेगाची. आम्ही शिक्षक माणसं, गणितानं सांगतो. ताशी 60 किलोमीटर वेगानं गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर जाते. ब्रेकवर पाय यायला नेहमीपेक्षा एकच सेकंद जास्त लागला तर गाडी 17 मीटर पुढे गेलेली असते. सेलू आणि वर्धा तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर कारची मर्यादा 120 आहे, तिथं हाच एक सेकंद 33 मीटरचा होतो. म्हणून "गावात चालवतो, मग समृद्धीवरही चालवीन" हा हिशेब चुकीचा आहे. गावात गर्दीचा ताण असतो आणि महामार्गावर वेगाचा. दोन्ही वेगळं तपासावं लागतं.

किती दिवस थांबायचं? ब्रिटनचा नियम आहे की लकव्यानंतर कार किमान एक महिना चालवायची नाही, आणि त्यानंतरही कमजोरी, नजर किंवा समज यांत कमतरता नसेल तरच. जड वाहनांसाठी एक वर्ष. आपल्याकडे असा आकडा कायद्यात नाही, पण डॉक्टरांशी बोलताना तो डोक्यात ठेवायला हरकत नाही.

शुगर, आणि रमजानमधली संध्याकाळ

शुगर असणाऱ्यानं गाडी चालवूच नये असं नाही. धोका शुगर वाढण्यापेक्षा अचानक उतरण्याचा असतो. इन्सुलिन घेणारे, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड अशा गोळ्या घेणारे यांना तो जास्त. फक्त मेटफॉर्मिनवर असणाऱ्यांना कमी. शुगर उतरली की घाम, थरथर, चिडचिड, मग समोरचं धूसर. माणूस दारू प्यायल्यासारखा गाडी चालवतो आणि लोकही तसंच समजतात.

इन्सुलिनवर असणाऱ्यांसाठी ब्रिटनमधला नियम सोपा आहे. निघण्याआधी शुगर तपासा, लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी तपासा. 90 च्या खाली असेल तर आधी काही खा, 72 च्या खाली असेल तर चालवू नका. रस्त्यात त्रास झाला तर गाडी बाजूला लावा, चावी काढा, तीन-चार चमचे साखर किंवा गोड सरबत घ्या. शुगर परत जागेवर आल्यावरही 45 मिनिटं थांबा, कारण मेंदू शुगरपेक्षा उशिरा ताळ्यावर येतो.

आता रमजान. असरनंतरचा तास सगळ्यात वाईट. पोटात दिवसभर काही नाही, घरी इफ्तारला पोहोचायची घाई, हिंगणघाटहून किंवा पुलगावहून मोटरसायकलवर निघालेला माणूस. वैद्यकीय सल्ला असा आहे की शुगर 70 च्या खाली गेली तर रोजा सोडावा. बोटाला टोचून तपासल्यानं रोजा तुटत नाही असं बहुतेक आलिम सांगतात. मनात शंका असेल तर आपल्या इमाम साहेबांना विचारून घ्यावं. आजारी माणसाला रोज्यात सवलत दीनमध्येच दिलेली आहे. रमजानच्या एक-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटून औषधाच्या वेळा बदलून घ्याव्या आणि शक्य असेल तर त्या महिन्यात संध्याकाळची गाडी दुसऱ्या कुणाकडे द्यावी. खिशात खजूर सगळेच ठेवतात. गाडीत ग्लुकोजचा पुडाही ठेवा.

बाकीचे आजार, थोडक्यात

मिरगीच्या बाबतीत आपल्याकडची वाट अवघड आहे. इतके महिने झटका आला नाही तर परवाना मिळेल, अशी स्पष्ट मुदत आपल्या नियमांत नाही. ब्रिटनमध्ये साधारणपणे एक वर्ष झटका नसेल तर कार चालवता येते. आपल्याकडे न्यूरॉलॉजिस्टच्या लेखी मताशिवाय या विषयात पाऊल टाकू नये, आणि औषध स्वतःहून बंद करून "आता बरा झालो" असं तर मुळीच नाही.

हार्ट अटॅकनंतर अँजिओप्लास्टी यशस्वी झाली असेल तर तिकडे एक आठवडा, नाहीतर चार आठवडे, बायपासनंतरही चार आठवडे थांबायला सांगतात. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांना डॉक्टर बहुधा सहा आठवडे सांगतात. खरी कसोटी एकच, जोरात ब्रेक दाबताना पाय दुखून मागे येतो का.

मोतीबिंदू ऑपरेशननं जातो, काचबिंदू मात्र बाजूची नजर चुपचाप खातो. पन्नाशीनंतर तपासून घ्या. 25 मीटर म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षा सुमारे 5 मीटर जास्त, घरासमोरच मोजून पाहता येईल. सर्दीच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनी पेंग येते, तीही विचारून घ्यावी.

विसराळूपणा वाढलेला असेल, ओळखीच्या रस्त्यावर माणूस चुकू लागला असेल, बजाज चौकातून घरी कसं यायचं ते आठवेना झालं असेल, तर तिथे थांबा. अशावेळी सराव करून फरक पडत नाही.

वर्ध्यात तपासणी कशी करवून घ्यायची

इंग्लंड, ऑस्ट्रेलियात यासाठी खास केंद्रं असतात. तिथे थेरपिस्ट आधी टेबलावर तपासतात, मग दुहेरी ब्रेकच्या गाडीत बसवून रस्त्यावर नेतात. आपल्याला तेच काम तुकड्या-तुकड्यानं जोडावं लागतं.

पहिला तुकडा दवाखाना. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आणि वर्ध्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय, ही तीन मोठी ठिकाणं आपल्या जिल्ह्यातच आहेत. जिथे उपचार झाले तिथेच जा, डिस्चार्ज कार्ड सोबत घ्या. "साहेब, गाडी चालवू का?" असा मोघम प्रश्न विचारला की उत्तरही मोघम येतं. असं विचारा: नजरेचं क्षेत्र तपासलंत का? डाव्या बाजूचं भान आहे का? पुन्हा झटका यायची शक्यता किती? या औषधांनी झोप येते का? ब्रेक दाबण्याइतकी ताकद आहे का? उत्तरं कागदावर लिहून घ्या.

दुसरा तुकडा फिजिओथेरपी. तिथे सांगा की ध्येय गाडी चालवणं आहे. मग व्यायाम त्याप्रमाणे देता येतात. ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर पाय नेणं, मान वळवून मागे पाहणं, स्टीअरिंग धरून पूर्ण फिरवणं.

तिसरा तुकडा रस्ता. घरच्या गाडीत मुलाला बाजूला बसवून प्रयोग करू नका. बाजूच्या सीटवरही ब्रेक असलेली मोटार ट्रेनिंग स्कूलची गाडी घ्या आणि शिकवणाऱ्याला आजाराची पूर्ण कल्पना द्या. आधी मोकळा रस्ता, मग वस्ती, मग चौक. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी, कारण थकल्यावर माणूस वेगळा चालवतो. शिकवणाऱ्याला किती वेळा ब्रेक मारावा लागला, ते विचारा.

त्यानंतर आरटीओ. आपला कोड एमएच-32. नूतनीकरणाचा अर्ज सारथी पोर्टलवरून होतो, मुदत संपण्याआधी एक वर्षापासून ते संपल्यावर एक वर्षापर्यंत. त्यापेक्षा उशीर झाला तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. परवाना नाकारला किंवा रद्द केला तर कारण लेखी मागा. कलम 17 प्रमाणे 30 दिवसांत अपील करता येतं.

गाडी बदलता येते

अपंगत्व आलं म्हणजे गाडी सुटली असं नाही. कायद्यात पूर्वी "इनव्हॅलिड कॅरेज" असा शब्द होता, 2019 मध्ये तो काढून "अडॅप्टेड व्हेईकल" म्हणजे गरजेप्रमाणे बदल केलेलं वाहन असा वर्ग आला. आजारामुळे साधा परवाना नाकारला गेला तरी अशा वाहनाचा मिळू शकतो.

आपल्या गाड्यांत गियर डाव्या हाताला असतो. म्हणून डावा हात-पाय कमजोर, पण नजर आणि समज शाबूत असेल, तर ऑटोमॅटिक गाडी बऱ्याच जणांना पुरते. उजवा पाय दोन्ही पेडल सांभाळतो. स्टीअरिंग एका हातानं फिरवायला त्यावर मूठ बसवता येते. उजवी बाजू कमजोर असेल तर काम वाढतं. डाव्या पायासाठी ॲक्सिलरेटर किंवा हातानं चालणारे ब्रेक-ॲक्सिलरेटर बसवावे लागतात. स्कूटरचा ॲक्सिलरेटर उजव्या मुठीत असतो, त्यामुळे उजवा हात गेलेल्यानं "ॲक्टिवा तर हलकी आहे" म्हणून ती घेऊ नये. पाय कमजोर आणि हात मजबूत असतील तर बाजूला दोन चाकं लावलेली स्कूटर उपयोगी पडते.

बदल गॅरेजवाल्याकडून करून मोकळं होऊ नका. आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद हवी, विमा कंपनीलाही लेखी कळवा. ऑक्टोबर 2020 पासून नोंदणी अर्जात मालकीचा "दिव्यांगजन" असा वेगळा प्रकार आला आहे. चाचणी आपल्या बदललेल्या गाडीवरच द्यायची असते. इंदूरचे विक्रम अग्निहोत्री यांना दोन्ही हात नाहीत, पायानं ऑटोमॅटिक कार चालवून त्यांनी 2016 मध्ये परवाना मिळवला. केरळच्या जिलुमोल मॅरिएट थॉमस यांनी डिसेंबर 2023 मध्ये मिळवला. दोघांनाही ऑफिसांचे खेटे घालावे लागले, तेवढी तयारी ठेवा.

उत्तर "नाही" आलं तर

हे अब्बांना सांगणं मुलाच्या तोंडून बरं नाही. डॉक्टरांना विनंती करा, त्यांनीच समोर बसवून सांगावं. भांडणाच्या वेळी चावी लपवू नका, त्यानं फक्त जिद्द वाढते. आणि चावी घेताना त्यांचं जाणं-येणं घेऊ नका. जुम्याला कोण नेणार, बाजाराला कोण, गिरडच्या दर्ग्याला जायचं झालं तर कोण, हे त्याच दिवशी नावानिशी ठरवा.

ज्यांची रोजीच गाडीवर आहे त्यांचा प्रश्न जड आहे. जड वाहन सुटलं तरी काही जणांची कार चालवण्याची क्षमता शाबूत असते, म्हणून दोन्ही परवान्यांबद्दल डॉक्टरांचं मत वेगवेगळं घ्या. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर जिल्हा रुग्णालयातून तपासणी करून यूडीआयडी कार्ड काढा. पुढच्या बहुतेक योजना त्यावरच मिळतात.

एसटीत 75 वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट 2022 पासून प्रवास मोफत आहे, 65 ते 75 वयाच्यांना आणि मार्च 2023 पासून सगळ्या महिलांना तिकीट अर्धं. दिव्यांगांना ओळखपत्रावर सवलत आहे. कार्ड खिशात ठेवा, कंडक्टर मागतो.